ए साइड बाबांची, बी साइड काकाची

माझं रिपेरिंगचं दुकान आहे, अकोट तालुक्यात, गावाच्या बसस्टॉपला लागून. आधी रेडिओ यायचे, मग टेप, मग टीव्ही, मग मोबाईल, आता ब्लूटूथचे डबे आणि डीजेवाल्यांचे एम्प्लीफायर. या धंद्यात एक होतं, माणूस मनातून काय ऐकतो ते आपल्याला कळतं, कारण टेप बिघडली की आत अडकलेली कॅसेट सोबतच यायची आणि ती काढून, हेड स्पिरिटनं पुसून, रोलरला गुंडाळलेली फीत सोडवून पुन्हा वाजवून पाहावीच लागायची. कोणाच्या अध्यात ना मध्यात असलेल्या माणसाच्या टेपमधून मी रात्रभराचे कव्वालीचे मुकाबले निघताना पाहिलेत, आणि गावात ज्याचा दरारा त्याच्या टेपमधून नुसती विरहाची गाणी. म्हणून "आवड ज्याची त्याची" म्हणून लोक विषय संपवतात ना, ते मला कधीच पटलं नाही. तसं असतं तर लोक गाण्यावरून इतके भांडले असते का?

आमच्या घरात भांडले. बाबा रफीचे, काका किशोरचा. अकोटला तेव्हा एका दुकानात कॅसेट भरून मिळायची, गाण्यांची यादी कागदावर लिहून द्यायची आणि चार-आठ दिवसांनी जाऊन कॅसेट आणायची. कोरी नव्वदची कॅसेट महाग, म्हणून दोघा भावांनी मिळून एकच घेतली आणि तह केला, ए साइडची ४५ मिनिटं रफी, बी साइडची ४५ मिनिटं किशोर. पण तह कागदावरच राहिला. ए साइड संपली की बाबा कॅसेट उलटवायचेच नाहीत, बाहेर काढून पेनानं फिरवत मागे न्यायचे (टेपवर रिवाइंड केलं की सेल लवकर उतरतात) आणि पुन्हा रफी. काका कापसाच्या जिनिंगवरून कामाहून आला की बी साइड. मग एक दिवस बाबांनी ए साइडची टॅब मोडून टाकली. ज्यांनी कॅसेट हाताळली नाही त्यांच्यासाठी सांगतो, कॅसेटच्या वरच्या कडेला दोन बारीक प्लास्टिकचे तुकडे असतात, एका बाजूचा मोडला की त्या बाजूवर पुन्हा काही रेकॉर्ड होत नाही, टेपचं रेकॉर्डचं बटण खाली दबतच नाही. बाबांना वाटलं आता रफी सुरक्षित. काकानं त्या भोकावर चिकटपट्टी लावली आणि विविध भारतीवर लागलेलं किशोरचं एक गाणं रफीच्या एका गाण्यावर चढवून टाकलं. त्यानंतर घरात कितीतरी दिवस दोघांचं बोलणं बंद, जेवायला बोलवायचं तरी माय मधात निरोप्या.

ही हकिगत मी गावात सांगतो तेव्हा लोक हसतात, पण मला ती हसण्यासारखी वाटत नाही. दोन मोठी माणसं, दिवसभर अंगमेहनत करणारी, एका आवाजासाठी सख्ख्या भावाशी अबोला धरतात म्हणजे त्या आवाजात त्यांचं काहीतरी गुंतलेलं असणार.

बाबांचा हुकमी पत्ता एकच होता, 'रागिनी'. १९५८ चा सिनेमा, पडद्यावर हिरो खुद्द किशोरकुमार, संगीत ओ. पी. नय्यरचं, आणि त्यातलं शास्त्रीय वळणाचं एक गाणं किशोरच्या तोंडी आहे पण आवाज रफीचा. "जो स्वतःच गवई हाय त्याले बी रफी उसना घ्या लागला," असं बाबा म्हणायचे आणि तंबाखूची पुडी काढायचे, म्हणजे चर्चा संपली. काकाचं उत्तर तयार असायचं, 'पडोसन', १९६८. त्यातली ती जुगलबंदी. एका बाजूला मन्ना डे, शास्त्रीय शिकलेला, तयार गळ्याचा गायक, आणि दुसऱ्या बाजूला किशोर, ज्यानं गाणं रीतसर कोणाकडं शिकलंच नाही. तिथं शिकलेला हरतो, न शिकलेला जिंकतो, सुराबाहेर उड्या मारत, शब्द मोडत, ओरडत जिंकतो. बाबांना ते गाणं म्हणजे गाण्याचा अपमान वाटायचा. काकाला त्यातच किशोर सगळा दिसायचा.

खरं सांगायचं तर बाबांचा राग आवाजावर नव्हताच. "गाणं म्हनते का माकडचाळे करते तो?" हे त्यांचं वाक्य. त्या माणसाचं वागणंच त्यांना खपत नव्हतं. किशोरचे किस्से सगळ्यांना माहीत आहेत, घराबाहेर 'किशोरपासून सावध राहा' अशी इंग्रजीत पाटी लावलेली, बागेतल्या झाडांना नावं ठेवलेली आणि त्यांच्याशी गप्पा मारायचा. १९८५ च्या एका मुलाखतीत त्यानं ती नावं सांगितलीत, जनार्दन, रघुनंदन, गंगाधर, बुद्धुराम. (यातलं शेवटचं सोडलं तर बाकीची नावं आमच्या ग्रामपंचायतीच्या मतदार यादीत सापडतात, म्हणून काकाला ती झाडं ओळखीची वाटायची.) १९६२ च्या 'हाफ टिकट'मध्ये तर पुरुषाचा आणि बाईचा, दोन्ही आवाज त्यानं एकट्यानं म्हटले, एकाच गाण्यात. सलिल चौधरींचं संगीत, बाईचा भाग लता मंगेशकर गाणार होत्या, त्या नव्हत्या, तर यानं तोही म्हणून टाकला. आणि तो अर्ध्या मेकअपचा किस्सा, निर्मात्यानं अर्धेच पैसे दिले म्हणून हा सेटवर अर्धं तोंड रंगवून आला असं सांगतात.

हा किस्सा निघाला की बाबा म्हणायचे, शब्द दिला ना, मग काम पूर्ण कर, पैशाचं मागून पाहू. आणि काका एकदम उसळायचा, "अर्धे पैसे देल्ले तं अर्धंच तोंड रंगवलं, काय चुकलं त्याचं? इथं दिवाळीचे पैसे होळीले भेटले, मी काय केलं? गाठोडे उचलत राह्यलो!"

काका जिनिंगमध्ये कामाला होता. कपाशीचा सीझन, रुईची धूळ नाकातोंडात, आणि मजुरी मालकाच्या मर्जीनं. त्याला किशोरच्या गळ्यापेक्षा आधी तो अर्धा रंगवलेला चेहरा आवडला असणार असं मला आता वाटतं. बाबा शेतकरी, त्यांचा सगळा व्यवहार शब्दावर, उधारीवर, हंगामावर. साठच्या दशकाच्या सुरुवातीला रॉयल्टीवरून रफी आणि लता यांचं वाजलं, लताबाईंचं म्हणणं गायकाला गाण्याच्या विक्रीतला वाटा मिळायला पाहिजे, रफीचं म्हणणं गाणं गायलं, पैसे घेतले, व्यवहार संपला, आणि त्यावरून काही वर्षं दोघं सोबत गायलेच नाहीत. बाबांना रफीची बाजू शंभर टक्के पटायची. मला विचाराल तर त्यात लताबाईंचं बरोबर होतं, पण बाबांसमोर मी हे कधी बोललो नाही आणि अजूनही बोलत नाही. म्हणजे पाहा, दोन भाऊ आवाजावरून भांडत होते असं आम्हाला वाटायचं आणि ते भांडत होते मजुरीवरून, शब्दावरून, माणसानं किती वाकावं यावरून.

खांडवा आम्हाला जवळ. अकोल्याहून अकोट, मग मेळघाटात शिरून धुळघाटाला रूळ स्वतःच्याच अंगावरून वळसा घालायचे, आणि पुढं खांडवा, अशी मीटरगेज होती. ती बंद झाली तेव्हा काका खूप हळहळला, कारण ती गाडी त्याच्यासाठी किशोरच्या गावाची होती. किशोरचा जन्म ४ ऑगस्ट १९२९ चा, खांडव्याचा, वडील तिथं वकील. १३ ऑक्टोबर १९८७ ला मुंबईत गेला पण अंत्यसंस्कार खांडव्यालाच झाले. ४ ऑगस्टला तिथं समाधीवर लोक दूध-जलेबी ठेवतात. काका जायचा. ऑगस्ट म्हणजे इकडं निंदण-डवरणीचे दिवस, घरात प्रत्येक हात लागतो, आणि हा माणूस जलेबीसाठी गाडी पकडून निघालेला, बाबांचा जळफळाट व्हायचा. डवरे धरलेले असतानाही काका तासाच्या टोकाला बैल वळवताना योडलिंग करायचा. योडलिंग मुळात आल्प्सच्या डोंगरातल्या गुराख्यांची हाक, किशोरनं ती परदेशी रेकॉर्डींवरून उचलली, आणि आमच्या काळ्या जमिनीत बैलांमागं काका ती मारायचा. बैल थांबायचे, खरंच थांबायचे.

१९७६ च्या मे महिन्यात, आणीबाणीत, आकाशवाणी-दूरदर्शनवर किशोरच्या गाण्यांना बंदी घातली, कारण काँग्रेसच्या कार्यक्रमात गायला तो तयार झाला नाही. विद्याचरण शुक्ल तेव्हा माहिती-प्रसारण मंत्री. मी लहान होतो, पण घरात सांगितलेलं ऐकलंय, त्या दिवसांत रेडिओवर रफी लागला तरी बाबा आवाज वाढवत नव्हते. काकानं कधी विचारलं नाही, बाबांनी कधी सांगितलं नाही.

आता बाबांना विक्षिप्तपणा खपत नव्हता म्हणावं तर तेही खरं नाही. आमच्या भागात एक क्लॅरोनेटवाला होता, लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचा, नाव सांगत नाही, त्याची मुलं-नातवंडं आहेत. हा माणूस फर्माईश घ्यायचा नाही. नवरदेवाचा मामा दहाची नोट त्याच्या टोपीला लावायचा, हा नोट काढून परत करायचा आणि त्याला पाहिजे तेच वाजवायचा. आणि सगळ्यात वेगळं म्हणजे गाणं अंतऱ्यापासून सुरू करायचा, मुखडा नाहीच. वरात देवळापाशी आलेली, पोट्टे नाचायच्या तयारीत, आणि हा कुठून तरी मधूनच चाल उचलायचा, कोणाला कळायचंच नाही हे कोणतं गाणं, सगळे एकमेकांकडं पाहायचे, ढोलवाला अंदाजानं ठेका धरायचा, आणि मग अंतरा फिरून मुखड्यावर आला की एकदम शंभर माणसांच्या तोंडून "अरेऽऽ!" निघायचा. ते सामूहिक "अरे" मी दुसऱ्या कुठल्याही मैफलीत ऐकलं नाही. गाणं तेच, सगळ्यांना पाठ असलेलं, पण या माणसानं ते आधी हरवायचं आणि मग सापडवून द्यायचं.

बाबा त्याच्यावर जीव टाकायचे, त्याच्या बँडची वरात असली की लग्न कोणाचंही असो, पाहायला जायचे. काका म्हणायचा, "लग्न हाय का कोडं हाय, गानं वळखू तं येऊ द्या!" किशोरच्या सगळ्या उड्या मान्य असलेला काका अंतऱ्यापासून सुरू होणाऱ्या एका क्लॅरोनेटनं वैतागायचा, आणि माकडचाळे म्हणणारे बाबा तिथं डोळे मिटून उभे. तेव्हाच माझ्या लक्षात आलं की साधा, सरळ कलावंत कोणालाच नको असतो. प्रत्येकाला एक येडा लागतो, फक्त आपला येडा आपल्याला शहाणा वाटतो आणि दुसऱ्याचा वाया गेलेला. गाण्यावरचं भांडण म्हणजे कोणाचं वेड घरात घ्यायचं याचं भांडण आहे.

माझा येडा या दोघांनाही मान्य नाही. संगीतकार सज्जाद हुसेन. मी आयटीआय करत होतो तेव्हा अकोल्यात एका जुन्या रेडिओच्या टेस्टिंगला त्याचं गाणं लागलं आणि सोल्डरिंगचा हात थांबला. तलत मेहमूदचा आवाज, १९५२ च्या 'संगदिल'मधलं. चाल अशी की पुढचा सूर कुठं पडणार हे सांगताच येत नाही आणि पडला की वाटतं दुसरीकडं पडूच शकला नसता. सज्जाद मूळचा सीतामऊचा, मँडोलिन असं वाजवायचा की त्या तारेच्या वाद्यातून, ज्याच्यावर सूर ओढताच येत नाही, तो मींड काढायचा, शास्त्रीय राग वाजवायचा. आणि स्वभाव एकदम कडक. १९४४ ला 'दोस्त'मध्ये नूरजहानसोबत गाणी गाजली, श्रेय मात्र सगळं तिच्या गाण्याला दिलं गेलं म्हणून हा चिडला, पुन्हा तिच्यासोबत काम केलं नाही. त्या काळातली सगळ्यात मोठी गायिका! चालीत एक हरकत इकडची तिकडं झालेली चालायची नाही. निर्मात्यांशी, नटांशी, सगळ्यांशी बिनसलं आणि अख्ख्या आयुष्यात विसाच्या आतच सिनेमे झाले. मदनमोहननं १९५८ मध्ये त्याच्या त्या तलतच्या गाण्याच्या चालीच्या अगदी जवळ जाणारं गाणं केलं, तेव्हा आता माझी सावलीसुद्धा फिरायला लागली, अशा अर्थाचं तो म्हणाला होता म्हणतात.

काका म्हणतो असा हेकट माणूस काय कामाचा, वीस सिनेमेसुद्धा नाही. बाबा म्हणतात गाणी अवघड करून ठेवली. मला त्या दोघांचंही पटत नाही. तो थोडा नरम असता, तर सिनेमे पन्नास झाले असते आणि ते एक गाणं झालं नसतं. त्याचा हेकटपणा बाजूला काढून फक्त चाल ठेवा म्हटलं तर चालच राहत नाही, कारण ती एक हरकत जिथल्या तिथं पाहिजे म्हणणारा माणूस आणि ती चाल एकच आहेत.

आणि आपल्या विदर्भाला तर असल्या माणसांचं वावडं असायचं कारणच नाही. गाडगेबाबा काय होते? अंगावर चिंध्या, हातात खराटा, दिवसा गाव झाडायचं आणि रात्री त्याच गावात कीर्तन, पाया पडायला आलेल्याला काठी, आणि कीर्तन म्हणजे नुसते प्रश्न, लोकांनाच विचारायचे आणि लोकांकडूनच वदवून घ्यायचे, मधेमधे गोपालाचा गजर. कोणत्या कीर्तनाच्या व्याकरणात बसतं हे? यावलीचे तुकडोजी महाराज हातात खंजिरी घेऊन गावोगाव भजनं म्हणत फिरले, १९४२ मध्ये भजनांपायी तुरुंगात गेले, १९५५ ला जपानच्या धर्म परिषदेत जाऊन तीच खंजिरी वाजवली. आमच्याच तालुक्यातले सत्यपाल महाराज सात खंजिऱ्या समोर मांडून एकटे वाजवतात, वऱ्हाडीत लोकांना व्यसनावरून झापतात, आणि लोक अर्धी रात्र हलत नाहीत. माझी सासुरवाडी वडसाकडची, तिकडं पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर रात्रभराची नाटकं, ऑर्गन-तबल्यावर, बाप मरतानाच्या प्रवेशाला अख्खा मांडव रडतो आणि पुढच्या मिनिटाला धमाल नाचगाणं, शहरातून आलेले नाकं मुरडतात. तिकडच्या माणसाला त्यात काही विजोड वाटत नाही, मलाही आता वाटत नाही. त्यावर वेगळं लिहीन.

हे सगळं डोक्यात येण्याचं कारण सध्या गावात चाललेला वाद. आमच्या वस्तीतलं एक पोट्टं आहे, बारावी झालेलं, नागपूरकडच्या धुमाल पार्टीत पॅड वाजवतं, म्हणजे रबरी चौकोनांवर ठोकून भरलेले आवाज काढायचं करंटवरचं वाद्य. धुमाल ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगणं कठीण, गाडीवर चढवलेले बेस, ढोल-ताशे, बेंजो, ऑक्टोपॅड, छातीत धडधड होते. हे पोट्टं पॅड रिपेअरला घेऊन माझ्याकडं आलं तेव्हा दाखवलं, त्यानं त्याच्या आजोबाची खंजिरी मोबाईलवर रेकॉर्ड करून पॅडमध्ये भरली आहे. एका रबरावर थाप, एकावर नुसती झांज, एकावर बोटाची घसर. आणि त्यावर तो भजनाचे ठेके वाजवतो, पण चाल धुमालची, मधेच ठेका तोडून एक मात्रा गिळतो आणि पुढं पकडतो. मला तो क्लॅरोनेटवाला आठवला. आता याला तुकडोजी महाराजांनी काढलेल्या गुरुदेव सेवा मंडळाच्या पुण्यतिथीच्या कार्यक्रमात हे वाजवायचं आहे आणि मंडळ उभं दुभंगलं आहे. म्हातारी मंडळी म्हणतात प्रार्थनेत करंटवरचं वाद्य चालणार नाही, आपली पेटी आणि खंजिरी बरी.

पेटी! मी बैठकीत उभा राहून सांगितलं की ही पेटी परदेशातून आली, आणि १९४० मध्ये आकाशवाणीनं पेटीला बंदी घातली होती, आपल्या संगीतात ती बसत नाही, तिच्यात श्रुती, म्हणजे दोन सुरांमधल्या बारीक जागा, नाहीत, मींड नाही म्हणून. ती बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. त्या सगळ्या वर्षांत आपल्या भजनी मंडळांनी पेटी सोडली का? आणि पुढं केसकर माहिती-प्रसारण मंत्री असताना सिनेमाच्या गाण्यांनाच रेडिओवरून हाकललं, लोकांनी काय केलं, बुधवारी संध्याकाळी रेडिओ सिलोन लावून अमीन सयानीला ऐकलं. शेवटी १९५७ ला विविध भारती काढावी लागली. हे ऐकून सिलोनवाली मंडळी थोडी हलली, कारण त्यात बाबाही होते, १९५७ पर्यंतच नाही, नंतरही.

बाबांनी पोट्ट्याला घरी बोलावून घेतलं. काकाही आला. पॅड ओसरीवर मांडलं, मी माझा एम्प्लीफायर लावून दिला. बाबांनी पूर्ण ऐकलं, मग विचारलं, "हातात धरून वाजवता येते का तुले?" त्यानं खुंटीवरची खंजिरी घेतली आणि वाजवली, चांगली वाजवली. बाबा म्हणाले झांज उशिरा पडून राहिली पॅडवर, हातावर बरोबर पडते. पोट्टं म्हणालं मुद्दाम उशिरा टाकतो मी, तशीच पाहिजे. त्यावर दोघांचं अर्धा तास चाललं, थापेची जागा कोणती आणि झांजेची कोणती, बाबा मांडीवर वाजवून दाखवत होते, ते पोट्टं रबरावर. काकाचं मत पॅडच्या बाजूनं पडलं आहे, पण त्याची अट अशी की प्रार्थना झाल्यावर किशोरचं एक गाणं झालंच पाहिजे, आणि ते बाबांना कुठल्याच परिस्थितीत मान्य नाही.

गुरुवारी पुन्हा बैठक आहे. मी पॅडच्या बाजूनं हात वर करणार, हे मी सगळ्यांना सांगून टाकलंय. फक्त प्रार्थना चालू आहे तोवर बेस बंद ठेवावा, म्हाताऱ्यांच्या छातीला त्रास होतो, एवढं माझं म्हणणं. पोट्ट्याला तेच मान्य नाही. बेस काढला तर मी येतच नाही म्हणतो. त्याच्याशी माझं बोलणं चालू आहे.